उद्या लाइन बंद

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार. उद्या सकाळी १० ते १ लाइन बंद राहील. सहकार्य करावे 🙏

३०४: कोणती लाइन, साहेब? मागच्या वेळीही एवढंच लिहिलं होतं. अर्ध्या बिल्डिंगनं बादल्या भरून ठेवल्या आणि गेली लाइट.

२०१: नागपुरात लाइन म्हणजे लाइनच. पंखा थांबला की लाइन गेली. यात विचारायचं काय आहे बाप्पा?

३०४: मग ड्रेनेजची काय रस्सी आहे का?

१०३: पार्किंगची लाइन कधी मारून राहिले? ३ महिने झाले.

४०२: लाइन मारायचं वय गेलं भाऊ आता 😄

२०२ काकू: ग्रुपवर सुना-लेकी आहेत, जपून लिहा.

५०१: वायरमनसाठी लाइन म्हणजे फक्त फेज, करंट आणणारी तार. परत नेणारी ती न्यूट्रल. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. बटण नेहमी लाइनवर पाहिजे. न्यूट्रलवर टाकलं तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट राहतो आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसतो. बंद एलईडी रात्री मिणमिणतो, तोही बरेचदा याच्यानंच. आणखी एक, बिल्डिंगचा मेन न्यूट्रल तुटला तर कोणाकडे लाइट मंद होते, कोणाकडे एकदम भडकते. अशा वेळी टीव्ही-फ्रिजकडे बघत बसू नका, आधी मेन स्विच पाडा.

१०३: पार्किंगची लाइन?

१०१ सर: मुळात हा शब्द जवसाचा आहे. लॅटिनमध्ये जवसाला लिनम म्हणत. त्याच्या धाग्याची दोरी ती लिनिआ, तिच्यावरून लाइन. लिनन आणि लिनसीड त्याच घरचे. गवंडी भिंतीला सूत लावतो नं, तेच हे सूत. पुढे ओळीनं बांधलेली वस्तीही लाइन झाली. आपलं सिव्हिल लाइन्स, पोलीस लाइन टाकळी.

२०२ काकू: म्हणजे आमची जवसाची चटणी लाइनचीच निघाली!

३०४: सर, माहिती छान. पण उद्या बादली भरू का मोबाइल चार्ज करू?

सेक्रेटरी: प्रश्न विचारणारे मीटिंगला आले असते तर बरं झालं असतं. असो. मेंटेनन्सची डेडलाइन १० तारीख आहे, हेही लक्षात ठेवावे.

१०१ सर: डेडलाइन अमेरिकेच्या यादवी युद्धातली. १८६४ मध्ये अँडरसनव्हिलच्या कैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक रेषा होती. ती ओलांडणाऱ्याला पहारेकरी गोळी घालत.

३०४: मग ११ तारखेला वॉचमनला बंदूक देता काय?

६०२: बी विंगची ड्रेनेज लाइन दर महिन्याला चोक होऊन राहिली, ते बघा आधी. ४ इंची पाइपाला १० फुटांमागे ३ इंच उतार पाहिजे. तिथं जेमतेम इंचभर दिलाय. पाणी निघून जातं, घाण तिथंच बसते. वरून ॲसिड ओतून काही होत नाही, चेंबर खोलून पाइप उचलावा लागेल.

सेक्रेटरी: तो खर्च आमसभेत नामंजूर झाला होता. कोणी केला, ते सर्वांना माहीत आहे.

६०२: हाव, माहीत आहे. कोटेशन एकच आणलं होतं म्हणून केला.

१०३: पार्किंगची लाइन कधी मारून राहिले?

सेक्रेटरी: पिवळा पेंट आणला आहे. गाड्या काढा, म्हणजे मारता येईल. आणि उद्याचं काम पाण्याचं आहे. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बदलायचा आहे.

३०४: हेच पहिल्या ओळीत लिहायला काय झालं होतं?

६०२: मग सगळ्यांनी १० च्या आधी गीझर बंद करा. टाकी रिकामी असताना चालू राहिला तर कॉइल जळते. १ नंतर पाणी आलं की आधी बाथरूमचा खालचा नळ हळूच खोला, हवा फुरफुरत निघू द्या. सुरुवातीला लालसर पाणी येईल. ते स्वच्छ होईपर्यंत फिल्टर आणि वॉशिंग मशीनचे नळ बंदच ठेवा. नंतर धार बारीक वाटली तर नळाच्या तोंडची जाळी काढून धुवा, कचरा तिथंच अडकतो.

सेक्रेटरी: सुधारित सूचना. उद्या सकाळी १० ते १ *पाण्याची* लाइन बंद राहील.

२०१: म्हणजे लाइन राहणार नं?