पाय कुठे टेकला? चढावरच्या माउंटन बाइकचे अनुभव

नाशिकच्या पश्चिमेला सायकल काढली की चढ फार दूर नसतो. त्र्यंबक रस्त्याने गेल्यास अंजनेरी येते, पुढे पहिन्याचा डोंगराळ भाग लागतो, आणि उत्तरेला वणीच्या वाटेवर नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट सुरू होतो. या चढांवर माउंटन बाइक नेणाऱ्या प्रत्येकाला ‘पाय टेकणे’ म्हणजे काय ते ठाऊक आहे. पेडल पुढे सरकत नाही, हँडल डगमगू लागते आणि नको असताना एक पाय जमिनीवर येतो. म्हणून इथल्या सायकलस्वारांकडून अनुभव मागवताना मी एवढेच विचारले होते की तुमचा पाय पहिल्यांदा कुठे टेकला, का टेकला आणि पुढच्या खेपेला काय झाले. कोणी किती मिनिटांत चढले, हे लिहू नये अशीही विनंती केली होती.

आरंभ माझ्यापासून करतो. नांदुरी ते गड हा घाट सुमारे १० किलोमीटरचा आहे. पहिल्या खेपेला सुरुवातीचा चढ सोपा वाटल्याने मी सपाटीवरच्याच वेगाने निघालो आणि निम्म्या वाटेवर मांड्या अशा भरून आल्या की एका वळणावर कठड्याला सायकल टेकवून पंधरा मिनिटे बसून राहावे लागले. दुसऱ्या खेपेला मी एक युक्ती केली. प्रत्येक वळणावर तेराचा पाढा मोठ्याने म्हणायचा, आणि पाचव्या ओळीपूर्वी धाप लागली तर गिअर हलका करून वेग कमी करायचा. श्वास बोलण्याइतका मोकळा असेल तर स्नायूंना प्राणवायू पुरेसा मिळत असतो, तो तुटू लागला की आपण उसनवारीवर चाललो आहोत असे समजावे. त्या दिवशी गडावर पोहोचेपर्यंत पाय टेकला नाही. एक सूचना मात्र आवर्जून करतो, नवरात्र आणि चैत्रातील यात्रेच्या दिवसांत या घाटात सराव करू नये. तो रस्ता त्या दिवसांत भाविकांचा असतो.

शिक्षिका, वय ४६, गंगापूर रोड

अंजनेरी गावातून वर पायऱ्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा पाय टेकला, आणि त्याला दम कारणीभूत नव्हता. चढ तीव्र झाल्यावर मी सीटवरून उठून उभी राहिले. शरीराचा भार पुढे गेल्यामुळे मागचे चाक हलके झाले आणि सुट्या खडीवर जागीच फिरले. पुढच्या रविवारी मी सीटवर मागे रेलून बसले, तेव्हा पुढचे चाक उचलले जाऊ लागले. या दोन चुकांच्या मधली जागा सापडायला मला दीड महिना लागला. सीटच्या अगदी पुढच्या टोकावर बसायचे, छाती हँडलकडे झुकवायची आणि कोपरे खाली, शरीराजवळ ठेवायची, म्हणजे दोन्ही चाके जमिनीला धरून राहतात. त्याच काळात एकदा भर चढावर, पेडलवर पूर्ण जोर असताना मी गिअर बदलला आणि चेन तुटली. तेव्हापासून चढ दिसताच, तो सुरू होण्याच्या आधी, मी हलक्या गिअरवर येते.

अंजनेरीचे पठार संरक्षित आहे, आणि तिथे उगवणारे कंदीलपुष्प या डोंगराच्या नावानेच ओळखले जाते. त्यामुळे पायऱ्या लागल्या की माझी सायकल थांबते. वर मी चालत जाते, तेही पायवाट न सोडता.

कारखान्यातील कामगार, वय २७, सातपूर

माझी सायकल साधी, २१ गिअरची आहे. पुढे, पेडलपाशी, चेनच्या सर्वांत लहान चक्राला २४ दाते आणि मागे, मागच्या चाकापाशी, सर्वांत मोठ्याला २८. सोबतच्या मित्राकडे पुढे ३२ आणि मागे ५० दात्यांची रचना होती. म्हसरूळकडील एका टेकडीच्या मुरमाड वाटेवर आम्ही एकत्र निघालो आणि तो बसल्या बसल्या वर गेला, मी मात्र तीनदा उतरलो. मला वाटले की माझ्यातच ताकद कमी आहे. घरी येऊन हिशेब मांडला. पेडलच्या एका फेऱ्यात माझी सायकल सुमारे १.८५ मीटर पुढे जाते आणि त्याची १.४ मीटरच्या आसपास. मिनिटाला साठ फेरे मारायचे ठरवले, तर मला त्याच्यापेक्षा जवळपास एकतृतीयांश अधिक वेगाने, म्हणजे तितकीच अधिक शक्ती लावून चढावे लागते. हे कळल्यावर मनातील खंत गेली. मी नवी सायकल घेतली नाही, कारण ती परवडणारी नव्हती. टायरमधील हवा थोडी कमी ठेवू लागलो, त्यामुळे मुरमावर पकड वाढली, आणि दुसरी पाळी संपल्यावर मिळणाऱ्या सकाळी आठवड्यातून तीनदा तीच टेकडी चढत राहिलो. चौथ्या महिन्यात एकदाच पाय टेकला. पाचव्या महिन्यात एका पहाटे वर पोहोचलो तेव्हा खाली शहराचे दिवे अजून चालू होते, आणि ते पाहताना माझे डोळे भरून आले.

निवृत्त बँक कर्मचारी, वय ६१, इंदिरानगर

डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या आपल्या गावच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, त्या बातमीने मी पन्नाशीनंतर सायकलीकडे वळलो. माझा अनुभव परत फिरण्याचा आहे. मे महिन्यात गडाच्या घाटात निघायला उशीर झाला आणि नऊच्या सुमारास भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखे झाले. उन्हात थंडी वाजणे हे उष्माघाताकडे नेणारे लक्षण असू शकते, हे माझ्या मुलीने मला पूर्वी बजावले होते. शिखर दिसत होते. तरीही मी उतरलो, झाडाखाली बसून डोक्यावर व मानेवर पाणी ओतले, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट प्यायलो आणि मुलीला फोन केला. ती गाडी घेऊन येईपर्यंत मी सायकलीला हात लावला नाही. डिसेंबरात उजाडण्याआधी दिवा लावून पुन्हा गेलो आणि वर पोहोचलो. तरीही त्या दोन दिवसांपैकी मेमधल्या दिवशी अधिक जोर लागला असे मला वाटते, कारण तेव्हा पाय स्वतःहून टेकवायचा होता.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी, वय १९, पंचवटी

माझा पाय अजून प्रत्येक वेळी टेकतो. अंजनेरीच्या रस्त्यावर एक आंब्याचे झाड आहे, त्याच्या चार हात अलीकडे. गेल्या महिन्यात तो दहा हात अलीकडे टेकत होता. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे.