दिल्लीतील पुरस्कार सोहळ्याला पहिल्यांदाच जाताना

प्रश्न (खानापूर): माझ्या कथासंग्रहाला पुरस्कार मिळाला असून सोहळा दिल्लीच्या कमानी सभागृहात आहे. बेळगावपलीकडचे मोठे शहर मी पाहिलेले नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (बेळगाव): मनःपूर्वक अभिनंदन, ताई! बेळगावहून गोवा एक्स्प्रेस थेट हजरत निजामुद्दीनला जाते. तेथून मेट्रोने निघून, लाजपत नगरला गाडी बदलून मंडी हाऊसला उतरलात, तर कोपर्निकस मार्गावरील सभागृह चालत गाठता येते. मात्र आदल्या दिवशीच पोहोचा, कारण एवढ्या लांबच्या गाडीला उशीर होऊ शकतो.

उत्तर (निपाणी): मनोगत मराठीतच मांडावे, असे मला मनापासून वाटते. कानडी शब्द सहज सामावून घेणारी आपली सीमाभागातील बोली त्या व्यासपीठावर ऐकू आली पाहिजे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे, दादा. तिकीट आजच काढते.