मोलिना टेक्ससला, पोसी कॅचरच्या जागी: आपली मते

प्रेषक: सनीवेल
दिनांक: १ जुलै २०१०

बेसबॉलप्रेमी सभासदांस सप्रेम नमस्कार,

आपल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने कॅचर बेंजी मोलिनाला टेक्सस रेंजर्सकडे पाठवले आणि त्याच्या बदल्यात क्रिस रे हा रिलीव्हर (बदली पिचर) व मायकेल मेन हा मायनर लीगमधला तरुण पिचर घेतला, ही बातमी एव्हाना सर्वांना कळली असेल. सकाळपासून मंडळातल्या तिघांनी मला फोन करून हळहळ व्यक्त केली. माझे मत वेगळे आहे आणि ते फोनवर नीट मांडता आले नाही, म्हणून येथे लिहितो. हा निर्णय योग्य आहे, आणि तो महिनाभर आधीच व्हायला हवा होता.

मोलिनाने या संघासाठी काय केले हे मी विसरलेलो नाही. बॅरी बाँड्स गेल्यानंतर बॅटिंगला चौथ्या क्रमांकावर उभे राहायला आपल्याकडे दुसरे कोणी नव्हते, तेव्हा ती जबाबदारी त्याने मुकाट्याने उचलली आणि गेल्या वर्षी २० होमरन मारून ८० धावा आणून दिल्या. परंतु यंदा ६१ सामन्यांत त्याची सरासरी .२५७ आहे, होमरन ३ आहेत आणि आणून दिलेल्या धावा १७. शिवाय तो दुसऱ्या बेसवर असला की साध्या फटक्यावर घरी पोहोचत नाही, त्यामुळे पुढच्या बॅटरचा चांगला फटकाही वाया जातो.

खरा प्रश्न मोलिनाच्या बॅटचाही नाही, तो जागांचा आहे. तरुण कॅचर बस्टर पोसीला २९ मे रोजी फ्रेस्नोहून, म्हणजे आपल्या मायनर लीगमधल्या संघातून, वर आणले. तिथे ४७ सामन्यांत त्याची सरासरी .३४९ होती, आणि आल्या दिवशीच त्याने अ‍ॅरिझोनाविरुद्ध तीन फटके मारून तीन धावा आणल्या. पण कॅचरची जागा मोलिनाकडे असल्यामुळे पोसीला पहिल्या बेसवर उभे केले, त्यामुळे पहिल्या बेसवरच्या ऑब्री हफला लेफ्ट फील्डमध्ये धावावे लागले, आणि त्यामुळे टॅम्पा बेने मे महिन्यात काढून टाकलेल्या पॅट बरेलला, जो लेफ्ट फील्डखेरीज कुठे उभा राहू शकत नाही, जागा शोधावी लागली. एक खेळाडू हलला आणि तिघे आपापल्या ठिकाणी बसले. २५ जणांच्या रोस्टरमध्ये (संघाच्या यादीत) एखाद्या माणसाची किंमत तो स्वतः काय करतो एवढ्यावर ठरत नाही, त्याच्यामुळे इतरांना कुठे उभे राहावे लागते हेही पाहावे लागते.

हाच न्याय एरन रोवंडलाही लावला पाहिजे. त्याला पाच वर्षांसाठी ६ कोटी डॉलर कबूल केले आहेत म्हणून त्याला सेंटर फील्डमध्ये उभे करायचे, हा हिशेब मला पटत नाही. ते पैसे तो बाकावर बसला तरी द्यायचेच आहेत. आंद्रेस टोरेस बत्तिसाव्या वर्षी, आयुष्य मायनर लीगमध्ये काढून, त्याच्यापेक्षा चांगला खेळत आहे, तर जागा त्याची आहे.

आपला नम्र.

---

प्रेषक: फ्रीमाँट
दिनांक: २ जुलै २०१०

चिरंजीवास आशीर्वाद,

तुझे पत्र दोनदा वाचले. आकडे बरोबर आहेत, त्यांच्याशी माझा वाद नाही. वाद कॅचर या कामाविषयी आहे.

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसे कॅचरला नकळत यष्टिरक्षक समजतो. यष्टिरक्षक गोलंदाजाने टाकलेला चेंडू घेतो. कॅचर मात्र पिचरने कोणता चेंडू टाकावा, कुठे टाकावा हे प्रत्येक वेळी बोटांनी सुचवतो, म्हणजे एका सामन्यात शंभराहून अधिक वेळा तो निर्णय घेतो. टिम लिन्सेकमला २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन वर्षे सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, आणि त्या दोन्ही वर्षी आपला मुख्य कॅचर मोलिनाच होता. या संघाचे बळ पिचिंगमध्ये आहे हे तूही मान्य करशील. मग ज्याच्या हातांवर त्या पिचरांचा विश्वास बसला आहे, त्याला हंगामाच्या मध्यावर पाठवून द्यायचे आणि ते काम २००७ मध्ये प्रथम कॅचर झालेल्या मुलाकडे सोपवायचे, यात धोका नाही का? फ्लोरिडा स्टेटमध्ये गेला तेव्हा पोसी शॉर्टस्टॉप होता. त्याच्या बॅटविषयी मला शंका नाही, पण हे काम शिकून तीनच वर्षे झाली आहेत.

मोलिनाची मला विशेष ओढ आहे, तेही लपवत नाही. २००२ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, तो एंजल्सचा कॅचर होता आणि सहाव्या सामन्यात हातातोंडाशी आलेले विजेतेपद आपल्याकडून गेले, तेव्हा त्या संघातल्या प्रत्येकाचा मला राग आला होता. पुढे तो आपल्याकडे आला आणि त्याची हकीकत कळली. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नव्या खेळाडूंची निवड करतात तेव्हा, त्याला कोणीही निवडले नव्हते. प्वेर्तो रिकोतल्या त्या एका घरातले तिघे भाऊ मेजर लीगमध्ये कॅचर झाले आणि तिघांनीही वर्ल्ड सीरिज जिंकली. अशा माणसाला संघाबाहेर काढताना त्याच्याकडून विद्या घेतली आहे की नाही हे आधी पाहावे.

निवृत्त होताना माझ्या जागी आलेल्या तरुणाला काम शिकवायला मला सहा महिने मिळाले होते, आणि त्या सहा महिन्यांत मी त्याला जे दिले ते कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते. पोसीला जेमतेम एक महिना मिळाला, तोही पहिल्या बेसवरून पाहण्यात गेला. मोलिनाला सप्टेंबरअखेरपर्यंत ठेवून आठवड्यातले दोन-तीन सामने पोसीला कॅचर म्हणून द्यायचे, असे करता आले असते.

तुझा काका.

---

प्रेषक: सॅन होजे
दिनांक: ५ जुलै २०१०

आदरणीय काका आणि दादा, दोघांनाही नमस्कार.

काकांच्या पत्रातला मुद्दा मोलाचा आहे, पण त्यात एक गोष्ट राहून गेली असे मला वाटते. शिकण्याचा काळ मेजर लीगमध्येच सुरू होतो असे नाही. आमचे घर म्युनिसिपल स्टेडियमपासून जवळ असल्यामुळे मी मुलांना घेऊन सॅन होजे जायंट्स या आपल्या मायनर लीगमधल्या संघाचे सामने नियमित पाहते, आणि गेल्या वर्षीच्या पूर्वार्धात पोसी तिथेच कॅचर होता. तरुण पिचर मॅडिसन बमगार्नरही त्या हंगामाच्या सुरुवातीला इथेच होता. आम्ही तिसऱ्या बेसच्या बाजूला, दहा-बारा रांगा मागे बसायचो, त्यामुळे मैदानावरची हालचाल स्पष्ट दिसायची. पिचर अडचणीत आला की पोसी उठून माउंडपर्यंत (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यापर्यंत) चालत जायचा, दोन वाक्ये बोलायचा आणि परत यायचा. धावत जाणे नाही, हातवारे नाहीत. माझ्या धाकट्याने मला विचारले होते, "आई, हा त्यांचा कोच आहे का?" त्या मुलाचे वय तेव्हा बावीस होते.

दुसरे म्हणजे, काका, गेल्या वर्षी १० जुलैला जोनाथन सांचेझने नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्या संघाला सामनाभर एकही यशस्वी फटका मारू दिला नाही. १९७६ नंतरचा जायंट्सचा तो पहिला नो-हिटर होता, आणि त्या रात्री कॅचर मोलिना नव्हता, इलाय व्हाइटसाइड होता. पिचर आणि कॅचर यांचे नाते मी नाकारत नाही, पण ते एकाच माणसाशी जडते असे नाही.

मात्र दादांच्या पत्रातल्या "महिनाभर आधीच" या शब्दांमागचे कारण सभासदांना माहीत असावे. पोसी एप्रिलमध्येच तयार होता, असे मला वाटते. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की एक वर्षाची सेवा धरली जाते, सहा वर्षे भरली की खेळाडू मोकळा होतो, आणि तीन वर्षांनंतर, काहींना त्याआधीही, पगारासाठी लवादाकडे जाता येते. म्हणून बहुतेक संघ आपल्या उत्तम मुलांना मेअखेर किंवा जूनपर्यंत खालीच ठेवतात. हे नियमात बसते, पण ज्या विभागात एका सामन्याने विजेता ठरू शकतो तिथे दोन महिने आपला सर्वांत चांगला तरुण बॅटर फ्रेस्नोत ठेवणे मला अतिशय चुकीचे वाटते. आज आपण ४१ जिंकलो आहोत आणि ४० हरलो आहोत. त्या चाळिसांतले दोन-तीन तरी सामने पोसीने वाचवले असते.

तरीही प्रत्येक तरुणाला घाईने वर ओढावे, असे माझे म्हणणे नाही. बमगार्नरचेच पाहा. मार्चमध्ये त्याच्या चेंडूचा वेग कमी झाला होता, तेव्हा त्याला फ्रेस्नोला पाठवले, तिथे त्याने स्वतःला सावरले आणि जूनअखेरीस तो परत आला. इथे सॅन होजेत यंदा ब्रँडन बेल्ट नावाचा पहिल्या बेसचा मुलगा खेळला आहे. गेल्या वर्षी टेक्सस विद्यापीठातून पाचव्या फेरीत घेतलेला. कोचांनी त्याची उभे राहण्याची ढब बदलली आणि तेव्हापासून चेंडू मैदानाच्या सर्व दिशांना जाऊ लागला. त्याला याच वर्षी वर आणा, अशी मागणी मी आजूबाजूला ऐकते आहे. कृपया तसे म्हणू नका. सॅन होजेतले पिचर आणि मेजर लीगमधले पिचर यांच्यामध्ये दोन पायऱ्या आहेत, आणि त्या चढताना अनेकांची दमछाक मी पाहिली आहे.

आपली नम्र ताई.

---

प्रेषक: सनीवेल
दिनांक: २४ ऑगस्ट २०१०

सप्रेम नमस्कार,

जुलैमधली चर्चा अर्धवट राहिली होती, ती परवाच्या बातमीमुळे पुढे नेतो. तत्पूर्वी काकांचे अभिनंदन करायचे आहे, कारण १६ जुलैला बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये त्यांच्या मोलिनाने एकाच सामन्यात सिंगल, डबल, ट्रिपल आणि होमरन, तोही ग्रँड स्लॅम, असे चारही फटके मारले. मोलिनाच्या पायांना ट्रिपल झेपली याचा मला मनापासून आनंद झाला. त्याच महिन्यात पोसीने लागोपाठ २१ सामन्यांत फटका मारला, त्यामुळे दोघांनाही बदल मानवला असे म्हणता येईल.

रविवारी जायंट्सने फ्लोरिडा मार्लिन्सच्या कोडी रॉसला वेव्हरवरून, म्हणजे इतर संघांना मागता येणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, उचलले. ३१ जुलैनंतर खेळाडू वेव्हरवर ठेवल्याशिवाय त्याची अदलाबदल होत नाही, आणि वेव्हरवर आला की खालच्या क्रमांकाच्या संघाला तो आधी मागता येतो. तो आपले प्रतिस्पर्धी पाद्रेस यांच्या हाती पडू नये म्हणून आपण मागितला आणि मार्लिन्सने तो देऊन टाकला, असा सर्वांचा अंदाज आहे. आता आउटफील्डमध्ये टोरेस, बरेल, रॉस, रोवंड आणि नेट शिअरहोल्ट्झ इतके जण झाले. रोवंडला यापुढे फार खेळवू नये.

आणि एडगर रेंतेरियालाही. दोन वर्षांसाठी १ कोटी ८५ लाख डॉलर देऊन आणलेला हा शॉर्टस्टॉप पस्तिशीला पोहोचला आहे, सारखा जायबंदी होतो, आणि हुआन उरिबे त्याच्या जागी अधिक उपयोगी आहे. पोस्टसीझनच्या (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) यादीत त्याचे नाव असू नये, असे माझे ठाम मत आहे. पिचर बॅरी झिटोविषयीही हेच म्हणेन, त्याचा करार १२ कोटी ६० लाखांचा असला तरी.

आपला नम्र.

---

प्रेषक: फ्रीमाँट
दिनांक: २ नोव्हेंबर २०१०

सर्वांना सप्रेम नमस्कार,

काल रात्री मला झोप लागली नाही. १९५८ मध्ये हा संघ न्यूयॉर्क सोडून आपल्या गावी आला, तेव्हापासून सॅन फ्रान्सिस्कोला एकही विजेतेपद मिळाले नव्हते, ते काल मिळाले.

पोसीविषयी मी चुकलो, हे मोकळ्या मनाने लिहितो. रविवारी वर्ल्ड सीरिजच्या, टेक्सस रेंजर्सविरुद्धच्या चौथ्या सामन्यात एकवीस वर्षांचा बमगार्नर आठ इनिंग टाकत होता आणि तेवीस वर्षांचा पोसी त्याला चेंडू सुचवत होता. टेक्ससला एकही धाव मिळाली नाही. ताई, त्या दोघांना तुम्ही म्युनिसिपल स्टेडियममध्ये पाहिले होते, याची मला पुन्हा पुन्हा आठवण होत होती. माउंडवर जाण्याची त्याची चाल तुम्ही लिहिली होती तशीच आहे.

झिटोविषयी तुझे म्हणणे आपल्या मॅनेजर बोचीने मानले, पोस्टसीझनच्या एकाही फेरीत त्याला घेतले नाही. रॉसला तर नॅशनल लीगच्या मालिकेत सर्वोत्तम खेळाडू ठरवले. पण रेंतेरियाला यादीत ठेवले. चिरंजीवा, मी ऑगस्टमध्ये तुला उत्तर लिहिले नव्हते, कारण आकडे तुझ्या बाजूचे होते. १९९७ च्या वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यात, अकराव्या इनिंगमध्ये, फ्लोरिडाला जिंकून देणारा फटका यानेच मारला होता, एवढीच एक गोष्ट माझ्याजवळ होती, आणि तेरा वर्षांपूर्वीचा फटका आजच्या यादीसाठी पुरावा ठरत नाही हे मलाही कळत होते.

काल सातव्या इनिंगमध्ये दोन बाद, दोघे बेसवर, पहिला बेस रिकामा. रेंतेरियाला मारण्याजोगा चेंडू न देता चालत पहिल्या बेसवर पाठवता आले असते. टेक्ससचा पिचर क्लिफ ली याने त्याला चेंडू टाकला आणि रेंतेरियाने तो कुंपणापलीकडे पाठवला. ३-१ असा निकाल लागला आणि मालिकेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. त्या चेंडूसाठी प्लेटमागे बसलेला कॅचर मोलिना होता. मी ओरडलो, टाळ्या वाजवल्या, आणि मग चेंडू गेला त्या दिशेकडे पाहत उभ्या असलेल्या त्या माणसाकडे पाहत राहिलो.

उद्या बुधवारी सकाळी अकराला मिरवणूक माँटगोमेरी स्ट्रीटवरून सिटी हॉलकडे निघणार आहे. धनत्रयोदशी असल्यामुळे संध्याकाळी सर्वांना घरी परतायचे असेल, तेव्हा गाड्या न काढता बार्टने (लोकल रेल्वेने) जावे. मी फ्रीमाँट स्थानकावर पावणेनऊला उभा असेन. ताई, मुलांना शाळेतून एक दिवस काढता आले तर जरूर आणा.

तुमचा काका.