ब्रिटनमधल्या एकाच मतदारसंघाचा इतिहास अभ्यासायचाय – कोणता घेऊ?

रानजाई:
नमस्कार मंडळी. मी पदवीच्या वर्गाला राज्यशास्त्र शिकवते. उन्हाळ्यात बहिणीकडे लंडनला पाच आठवडे जाणार आहे. तेवढ्या वेळात एकच मतदारसंघ धरून त्याच्या सगळ्या निवडणुका पाहायच्या आहेत, १८८५ पासून आजपर्यंत. मुलांना त्यातून मताधिकार, हद्दी, पक्ष कसे बदलत गेले ते दाखवता येईल. दादाभाई नौरोजी लंडनमधल्या फिन्सबरी सेंट्रलमधून खासदार झाले होते, म्हणून तो मनात आहे. हा बरोबर राहील का? आणि निकालांचे तक्ते वाचताना काय सांभाळावं?

टेम्सकाठ:
रानजाईताई, फिन्सबरी सेंट्रल १८८५ ला जन्मला आणि १९१८ ला संपला. तेहतीस वर्षांत तुमचा धागा तुटेल. मी सुचवेन बॅटरसी. क्लॅपहम जंक्शन स्टेशन प्रत्यक्षात बॅटरसीत आहे, मी तिथून रोज जातो, म्हणून थोडा पक्षपात समजून घ्या.

पण कारण खरं आहे. १८८५ ला बॅटरसी हा एक मतदारसंघ, १९१८ ला उत्तर आणि दक्षिण असे दोन, १९८३ ला पुन्हा एक. कामगार नेते जॉन बर्न्स इथून १८९२ ते १९१८ निवडून येत राहिले. पुढे उत्तर बॅटरसीतून शापुरजी सकलातवाला आले. ते मुंबईत जन्मलेले, जमशेटजी टाटांच्या बहिणीचे चिरंजीव, आणि कम्युनिस्ट. त्यांच्या निवडणुकीचं काम पाहणारे प्रतिनिधी (एजंट) होते जॉन आर्चर, १९१३ साली बॅटरसीचे महापौर झालेले कृष्णवर्णीय नेते. लंडनच्या एका कामगारवस्तीत हे सगळं घडत होतं, हे मला आजही थक्क करतं.

आता तक्ता. १९२२ ला सकलातवालांना ११,३११ मतं, त्यांचे प्रतिस्पर्धी हॉगबिन यांना ९,२९०. १९२३ ला हॉगबिन १८६ मतांनी जिंकले. १९२४ ला सकलातवाला ५४२ मतांनी परत आले. नुसते आकडे पाहिले तर समोरासमोरची साधी लढत वाटते. पण पक्षाचा रकाना वाचा. हॉगबिन १९२२ ला नॅशनल लिबरल (लिबरलांमधला फुटीर गट), १९२३ ला लिबरल, १९२४ ला ‘कॉन्स्टिट्यूशनलिस्ट’ (कॉन्झर्व्हेटिव्हांच्या बाजूला गेलेल्यांची पाटी). सकलातवालांना पहिल्या दोन वेळा लेबरचा पाठिंबा होता, १९२४ ला ते उघड कम्युनिस्ट म्हणून उभे होते. माणसं तीच, पाट्या बदललेल्या. म्हणून ‘अमुक पक्षाने जागा राखली’ आणि ‘तमुक पक्षाकडून घेतली’ हे शब्द तक्त्यातून जसेच्या तसे उचलू नका.

शेवंती:
फिन्सबरीच्या बाजूने दोन शब्द बोलते, मनापासून. तुम्हाला मताधिकार शिकवायचा असेल तर १८९२ चा निकाल पाहा: दादाभाई २,९६१, प्रतिस्पर्धी पेंटन २,९५६. पाच मतं! एकूण सहा हजारसुद्धा नाहीत. मत फक्त पुरुषांना, त्यातही सगळ्यांना नाही. बाईला मत मिळायला १९१८ उजाडलं, तेही तीस वर्षांवरच्या आणि अटी पूर्ण करणाऱ्या. पुरुषांच्या बरोबरीने मत १९२८ च्या कायद्याने.

आणि एकटा १८९२ घेऊ नका, त्याआधीचा पराभव घ्या. दादाभाई १८८६ ला हॉलबर्नमधून हरले होते. त्या लढतीबद्दल पंतप्रधान सॉल्सबरी १८८८ ला एडिनबर्गच्या भाषणात बोलले की ब्रिटिश मतदारसंघ ‘काळ्या माणसा’ला निवडून देईल असं त्यांना वाटत नाही. त्यावर गदारोळ झाला आणि दादाभाईंचं नाव घरोघरी पोचलं. १८९५ ला ते ८०५ मतांनी पडले. त्याच निवडणुकीत बेथनल ग्रीन ईशान्यमधून मंचेरजी भावनगरी जिंकले, तेही मुंबईचे पारशी, पण कॉन्झर्व्हेटिव्ह. भारतीय खासदार म्हणून एकच चित्र मुलांपुढे ठेवलंत तर हा फरक निसटेल.

जायच्या आधी दिल्लीला जमत असेल तर बघा. दादाभाईंची कागदपत्रं तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

रानजाई:
शेवंती, टेम्सकाठ, मनापासून आभार. बॅटरसी धरते, फिन्सबरी एका व्याख्यानापुरती. १९२९ नंतर काय झालं?

टेम्सकाठ:
१९२९ ला सकलातवाला तिसरे आले, लेबरचे सँडर्स जिंकले. १९३१ ला जागा कॉन्झर्व्हेटिव्ह मार्सडन यांनी घेतली, १९३५ ला सँडर्स परतले. लेबरचे डग्लस जे (Jay) हे १९४६ च्या पोटनिवडणुकीपासून १९८३ पर्यंत, म्हणजे उत्तर बॅटरसी संपेपर्यंत, खासदार होते. हा मधला काळ झटकन उरकता येईल. पण १९८३ पासून परत सावकाश जा. एकत्र आलेल्या बॅटरसीत लेबरचे आल्फ डब्स जिंकले, १९८७ ला कॉन्झर्व्हेटिव्ह जॉन बोविस यांच्याकडून हरले. १९९७ ला मार्टिन लिंटन यांनी लेबरकडे जागा आणली, २०१० ला जेन एलिसन यांनी ती कॉन्झर्व्हेटिव्हांकडे नेली, २०१७ ला लेबरच्या मार्शा डी कॉर्डोव्हा जिंकल्या. नव्या हद्दीतली टक्केवारी उत्तर बॅटरसीच्या जुन्या टक्केवारीशी थेट जोडू नका, दक्षिणही त्यात मिसळली आहे.

बसायला लॅव्हेंडर हिलवरचं बॅटरसी ग्रंथालय. तिथला वारसा विभाग स्थानिक कागदपत्रं जपतो. आधी कळवून जा, वेळ वाया जाणार नाही. संसदेतली भाषणं हॅन्सार्डमध्ये (संसदेच्या कामकाजाच्या अधिकृत वृत्तांतात) इंटरनेटवर मोफत आहेत, ती इथूनच वाचून ठेवा.

शेवंती:
आणि फिन्सबरी टाउन हॉलवर दादाभाईंची स्मृतिपाटी आहे, तेवढी मात्र नक्की पाहून या. जवळच नौरोजी स्ट्रीट आहे. फोटो इथे टाका.