मंडल, मंडळ की मंडला? आणि तो, ती का ते?

गेले चारेक महिने रात्री जेवणं आटोपली की मी अर्धा पाऊण तास मंडला रंगवत बसते. मोठ्यांसाठीचं ते गोल नक्षीचं पुस्तक मिळतं ना, पाकळीच्या आत पाकळी, त्याच्या आत ठिपके, ते. ऑफिसचं सगळं दाराबाहेर राहतं आणि झोप इतकी छान लागते की काय सांगू. तर परवा मुलीनं विचारलं, आई, तो मंडला की ती मंडला? आणि मी अडकलेच, कारण मी स्वतः कधी 'झाला' म्हणते कधी 'झाली'.

मला वाटतं मुळात हा आ-कारच आपला नाही. संस्कृतात मंडल, नपुंसकलिंगी. रोमन लिपीत शेवटी ए लागला आणि योगचं योगा झालं तसं मंडलचं मंडला होऊन आपल्याकडे परत आलं. मराठीत तर तो शब्द आधीपासून मंडळ होऊन नांदतोच आहे, पण मंडळ म्हटलं की गणपती, वर्गणी, मांडव हेच डोळ्यांपुढे येतं, गोल कुणालाच दिसत नाही. गंमत बघा, तलाठ्याच्या वरचा तो मंडळ अधिकारी, त्याला गावात सगळे 'सर्कल' म्हणतात, 'सर्कल आलेत का हो?' म्हणजे मंडळातला गोल तिथे इंग्रजी शब्दानं सांभाळून ठेवलाय! सूर्यमंडल, तारामंडल, मंडलाकार यात मात्र तो अजून दिसतो. म्हणून माझं मत, 'ते मंडल', अनेकवचन 'मंडलं'. तुम्ही काय म्हणता?

—

ते मंडल हे पटलं. पण गोल म्हणजेच मंडल हे नाही पटलं. आमचे काका भिक्षुकी करायचे, मोठ्या पूजेला चौरंगावर पांढरं कापड अंथरून सर्वतोभद्र मंडल मांडायचे. उभ्या १९ आणि आडव्या १९ रेघा, म्हणजे १८ गुणिले १८, ३२४ घरं, पूर्ण चौकोनी. पांढऱ्याला तांदूळ, पिवळ्याला हरभऱ्याची डाळ, तांबड्याला मसूर डाळ, हिरव्याला मूग आणि काळ्याला उडीद. मी लहानपणी शेजारी बसून चिमटी चिमटी डाळ घरात सोडायचो, एक दाणा रेघेबाहेर गेला की काका काही न बोलता काडीनं तो आत ढकलायचे. तुम्ही आज जे रंगवता ना ताई, ते मी डाळीनं केलंय आणि डोकं तेव्हाही असंच शांत व्हायचं. आणि क्रियापद बघा, मंडल 'मांडायचं' म्हणायचे, कुणीच काढायचं म्हणत नव्हतं.

—

वरच्यांच्या चौकोनाला माझा दुजोरा. २००५ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, ८४ कॉलेजच्या विद्यार्थ्यांना आधी थोडं अस्वस्थ केलं आणि मग काहींना मंडल रंगवायला दिलं, काहींना चौकटींची नक्षी आणि काहींना कोरा कागद. मंडलवाल्यांची अस्वस्थता उतरली, चौकटीवाल्यांचीही जवळपास तेवढीच उतरली, कोऱ्या कागदानं मात्र फारसं काही झालं नाही. आखून दिलेली घरं आणि हाताला मोकळीक, काम यानंच होतं असं मला वाटतं.

तिबेटी लोक मंडलाला क्यिलखोर म्हणतात, क्यिल म्हणजे मध्य आणि खोर म्हणजे भोवताल. किती नेमका शब्द आहे हा! त्यांच्या रंगीत वाळूच्या मंडलांत बाहेर गोल असतो आणि आत चार दारांचा चौकोनी वाडा. मानसशास्त्रात हा शब्द कार्ल युंग या स्विस मनोचिकित्सकांनी रुजवला, १९१८-१९ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये लष्करी ड्युटीवर असताना ते रोज सकाळी वहीत एक छोटी गोल आकृती काढायचे.

—

मूळ प्रश्नकर्तीच परत आले. काकांचं मांडणं फार आवडलं, पण माझ्या पुस्तकात आकृती कुणीतरी आधीच मांडलेली असते, मी फक्त रंग भरते. म्हणून मी यापुढे 'मंडल रंगवते' पेक्षा 'मंडलात रंग भरते' म्हणणार. रंगवणं भिंतीलाही चालतं, रंग भरणं म्हणजे रिकामं घर बघून त्यात घालणं. आणि माणूस रंगतो, रंगून जातो हेही याच धातूचं, इंग्रजी कलरिंगमध्ये हे कुठून येणार? हॉबी, रिलॅक्सिंग वगैरेसाठी तर विरंगुळा हा एकच शब्द पुरे आहे. छंदात थोडी चिकाटी लागते, नादात वेळेचं भान सुटतं, विरंगुळ्यात नुसतं हलकं वाटतं आणि माझं तेच आहे.

आता एकच अडलंय. पाकळी, कुयरी, वेल, ठिपका हे शब्द आहेत. अगदी बाहेरच्या कडेला लहान लहान कमानींची जी गोल रांग येते तिला काय म्हणू? माझी आई ताटाभोवतीच्या रांगोळीला महिरप म्हणायची, शेजारच्या मावशी म्हणतात कांगोरे. तुमच्याकडे काय म्हणतात?