मदत हवी आहे : महायुद्धकालीन महिला वैमानिकाच्या अस्थी आर्लिंग्टनमध्ये ठेवता येतील का?

नमस्कार. मी मेरीलँडमध्ये राहते आणि माझे सासर अमेरिकन आहे. सासूबाईंच्या आई दुसऱ्या महायुद्धात 'वॅस्प', म्हणजे विमेन एअरफोर्स सर्व्हिस पायलट्स, या दलात वैमानिक होत्या. टेक्सासमधील स्वीटवॉटरच्या अ‍ॅव्हेंजर फील्डवर त्यांचे प्रशिक्षण झाले आणि पुढे तोफखान्याच्या सरावासाठी विमानामागे कापडी लक्ष्य ओढत नेण्याचे काम त्यांनी केले. खालून सुटणाऱ्या गोळ्या खऱ्या असत, एवढे सांगितले म्हणजे त्या कामाची कल्पना येईल.

२०१५ च्या उन्हाळ्यात त्या वारल्या. दहनानंतर अस्थींची लाकडी पेटी घरी आली, ती आजतागायत सासूबाईंच्या कपाटात वरच्या फळीवर आहे. आपल्याकडे अस्थी उंबऱ्याच्या आत आणत नाहीत, त्यामुळे लग्न होऊन आल्यावर मला त्या कपाटाकडे बघणेही जड जात असे. आता पेटीवरची धूळ मीच पुसते. आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत आपल्याला जागा मिळावी, असे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले आहे.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. या दलात येण्यासाठी २५,००० हून अधिक स्त्रियांनी अर्ज केले होते, त्यांतील १,८३० जणींना प्रवेश मिळाला आणि १,०७४ जणी प्रशिक्षण पूर्ण करून वैमानिक झाल्या. त्यांना गणवेश होता, लष्करी शिस्त होती, विमानेही लष्कराची होती; मात्र कागदोपत्री त्या मुलकी नोकर होत्या. सेवेत ३८ जणींचा मृत्यू झाला, तेव्हा शवपेटीवर राष्ट्रध्वज घालण्याचा अधिकार कुटुंबाला नव्हता, आणि मृतदेह घरी पाठवण्यासाठी बरोबरीच्या मुली आपसांत वर्गणी काढत. त्यांना लष्करात सामावून घेण्याचे विधेयक १९४४ मध्ये प्रतिनिधिगृहात पडले आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला दल बरखास्त झाले. माजी सैनिकांचा दर्जा मिळायला १९७७ चा कायदा यावा लागला.

आमचा घोळ इथून सुरू होतो. २००२ मध्ये आर्लिंग्टनने या स्त्रियांच्या अस्थी स्वीकारण्याचे ठरवले होते. २०१५ च्या मार्चमध्ये लष्कराच्या सचिवांनी, पूर्वीचा निर्णय अधिकाराबाहेरचा होता असे सांगून, तो फिरवला. त्याच एप्रिलमध्ये इलेन हार्मन या वॅस्प वैमानिक वारल्या आणि त्यांच्या कुटुंबाला नकार मिळाला. ती बातमी वाचून आम्ही अर्जच केला नाही. पुढे कायदा बदलला हे आम्हाला ठाऊक आहे, पण नेमके काय बदलले याविषयी दोन माणसे दोन गोष्टी सांगतात. अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या एका गृहस्थांनी 'त्या मुलकी होत्या, त्यामुळे काही होणार नाही' असे सांगून विषय मिटवला. एका नातेवाइकांच्या मते आता जमिनीत रीतसर दफनसुद्धा करता येते. कायदा होण्याआधी वारलेल्या व्यक्तीला तो लागू होतो का, आणि पुरावा म्हणून कोणता कागद मागतात, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का? सासूबाईंचे वय झाले आहे आणि हे काम आपल्या डोळ्यांदेखत व्हावे, अशी त्यांची इच्छा आहे.

प्रतिसाद

आपल्याला भेटलेल्या दोघांचेही म्हणणे चुकीचे आहे. एका परिचित कुटुंबाच्या अर्जासाठी मी हे सगळे वाचले होते, म्हणून सविस्तर लिहितो.

गोंधळ होतो तो दोन प्रकारच्या दफनभूमी एकच समजल्यामुळे. देशभरातील बहुतेक राष्ट्रीय दफनभूमी माजी सैनिक विभागाकडे आहेत. १९७७ च्या कायद्याने मिळालेला दर्जा त्या विभागाच्या लाभांपुरता असल्यामुळे तिथे वॅस्प वैमानिकांना जमिनीत जागा, शिळा आणि ध्वज हे सारे आधीपासूनच मिळते. आर्लिंग्टन मात्र लष्कराच्या अखत्यारीत आहे, तिथे जागेची टंचाई आहे आणि तिथले नियम कितीतरी कडक आहेत.

हार्मन यांच्या नातीने सह्यांची मोहीम चालवली; प्रतिनिधिगृहात मार्था मॅकसॅली यांनी, ज्या स्वतः लढाऊ वैमानिक होत्या, आणि सिनेटमध्ये बार्बरा मिकुल्स्की यांनी विषय लावून धरला. २० मे २०१६ रोजी ओबामा यांनी कायद्यावर सही केली. त्यात 'दहन केलेल्या अस्थी' असेच शब्द आहेत. म्हणजे कोलंबेरियमच्या, अर्थात अस्थिकलश ठेवण्यासाठी बांधलेल्या वास्तूच्या, भिंतीतील कोनाडा लष्करी मानवंदनेसह मिळतो. मातीतील जागेचा हक्क या कायद्याने दिलेला नाही. हार्मन यांच्या अस्थी त्या वर्षी ७ सप्टेंबरला तिथे ठेवल्या गेल्या.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे कलम पुढे आहे. आधी वारलेल्यांनाही हा कायदा लागू होतो, पण कायदा झाला त्या दिवशी अस्थी एखाद्या दफनभूमीत किंवा कोनाड्यात रीतसर ठेवलेल्या नसाव्यात. घरातले कपाट ही तशी जागा नव्हे. अस्थी इतकी वर्षे कपाटात राहिल्या याचे आपल्याला वाईट वाटत असेल, पण त्यामुळेच आपला मार्ग मोकळा आहे.

पुरावा म्हणून सेवामुक्तीचा डीडी २१४ हा कागद लागतो. १९७९ पासून वॅस्प वैमानिकांना तो मिळू लागला, मात्र त्यासाठी अर्ज करावा लागे. सगळ्यांनीच तो केला असेल असे नाही. घरात सापडला नाही तर तो कागद मिळवण्यासाठी डीडी २१६८ हा अर्ज भरावा. तो वारसांनाही भरता येतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि दहनाचे प्रमाणपत्र तयार ठेवावे. टेक्सास वुमन्स युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयात या दलाचा मोठा संग्रह आहे, तिथेही विचारावे. आर्लिंग्टनमध्ये तारीख मिळायला महिनोन्‌महिने लागतात, तेव्हा सासूबाईंचे वय पाहता उशीर करू नये.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपले मनापासून आभार. काल रात्री हे सगळे सासूबाईंना इंग्रजीतून वाचून दाखवले. कोनाडा मिळेल आणि माती नाही, हे ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या. त्यांचे वडील ओहायोत एका चर्चच्या आवारात पुरलेले आहेत आणि आईला त्यांच्याशेजारी ठेवावे, असे त्यांच्या भावाचे म्हणणे आहे. मला स्वतःला वाटते की आजींनी आर्लिंग्टन लिहिले ते मातीसाठी नव्हे, मैत्रिणींच्या शवपेट्यांवर जो ध्वज घालू दिला नव्हता त्यासाठी. पण हे माझे मत झाले. निर्णय त्या दोघा भावंडांनी घ्यायचा आहे.

आजींच्या ट्रंकेत डीडी २१४ सापडला नाही. प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र आणि वैमानिकाचा चांदीचा पंखांचा बिल्ला मात्र आहे. डीडी २१६८ सोबत या प्रमाणपत्राची साधी प्रत चालते की साक्षांकित लागते, एवढे आपल्याला आठवत असल्यास कृपया कळवावे.