सोलापूरहून दक्षिणेची तीर्थयात्रा आणि समुद्रकिनारा: एकाच प्रवासात दोन्ही जमेल का?

रेल्वेलाइन्सकर (प्रश्न)

नमस्कार. आमचे कुटुंब सोलापूरचे, कॅथलिक. माझ्या सासूबाईंची फार दिवसांची इच्छा आहे की, हातपाय चालते आहेत तोवर दक्षिणेतल्या एखाद्या मोठ्या तीर्थस्थानी जाऊन मिस्सात (चर्चमधील मुख्य उपासनेत) सहभागी व्हावे आणि नातवंडांना मरियामातेच्या पायांवर घालावे. मुलांना मात्र समुद्र हवा आहे. हिप्परगा तलावापलीकडे मोठे पाणी न पाहिलेल्या मुलांना नारळीची बने, होडी आणि लाटा यांचे किती वेड असते, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

यजमानांचे म्हणणे असे की, यात्रा ही यात्रा आणि सहल ती सहल. दोन्ही एकत्र केल्या की धड एकही होत नाही. मला ते पटत नाही, पण यात्रेचा नुसता देखावा होऊ नये असे मलाही वाटते. तमिळनाडूतील वेलंकनी, जुने गोवे की केरळ, हा पहिला प्रश्न आणि दिवाळीची सुट्टी बरी की नाताळची, हा दुसरा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार पायऱ्या त्यांना झेपणार नाहीत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दक्षिणवारी

ताई, आपल्या यजमानांचा आक्षेप चुकीचा नाही. पण जिथे चर्च एका गावी आणि समुद्र दुसऱ्याच टोकाला असतो, अशा प्रवासालाच तो लागू पडतो. एर्नाकुलम (कोची) ते आलप्पुळा (अलेप्पी) या पट्ट्यात तीर्थस्थाने मुळातच पाण्याच्या काठी आहेत. त्यामुळे तिथे यात्रेला समुद्र वेगळा जोडावा लागत नाही. माझे मत स्पष्टपणे केरळच्या बाजूने आहे.

पहिले स्थान वल्लारपाडम. हे कोचीच्या बंदरातले एक बेट असून आता ते गोश्री पुलांनी शहराशी जोडलेले आहे. येथील मरियामातेच्या देवालयाला 2004 मध्ये बॅसिलिकाचा, म्हणजे पोपकडून मिळणाऱ्या विशेष मानाच्या चर्चचा, दर्जा मिळाला. 1752 मध्ये मीनाक्षी अम्मा नावाची एक नायर स्त्री तान्ह्या बाळासह होडीतून जात असताना वादळात बुडाली आणि तिसऱ्या दिवशी मायलेकरे जिवंत सापडली, अशी तिथली श्रद्धा आहे. मातेच्या चित्रात त्या दोघांनाही स्थान मिळालेले आहे. नातवंडांना मातेच्या पायांवर घालू इच्छिणाऱ्या आजीला याहून समर्पक स्थान कोणते सांगावे? मोठा सण 24 सप्टेंबरला असतो, त्यामुळे नाताळच्या सुट्टीत सणाची गर्दी नसते. तिथून वायपीन बेटावरून सरळ उत्तरेला गेले की चेराई किनारा लागतो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे नारळीच्या बनांची चिंचोळी पट्टी, असा तो परिसर आहे. फोर्ट कोचीचा किनारा मासेमारीची चिनी जाळी पाहण्यापुरता ठीक आहे. मुलांना पाण्यात उतरवायचे असेल तर चेराईच.

दुसरे स्थान अर्तुंकल. चेर्तलाजवळच्या या कोळ्यांच्या गावात संत अँड्र्यू यांची बॅसिलिका आहे, ती संत सेबास्टियन यांचे तीर्थस्थान म्हणून प्रसिद्ध आहे आणि तिच्यासमोरचा रस्ता थेट वाळूत जाऊन संपतो. 20 जानेवारीच्या संत सेबास्टियन यांच्या सणाला अनेक भाविक समुद्रावरून चर्चपर्यंत गुडघ्यांवर किंवा लोटांगण घालत येतात. संतांना बाणांनी विद्ध केले गेले, म्हणून तिथे लहान बाण वाहण्याची प्रथा आहे. शबरीमलाहून परतणारे अनेक अय्यप्पाभक्त आपली व्रताची माळ उतरवायला याच चर्चमध्ये येतात. आपल्याकडे सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सर्व समाजांची माणसे हिंडताना पाहिलेल्या सोलापूरकराला त्यात नवल वाटणार नाही, परंतु डिसेंबरच्या अखेरीस काळी वस्त्रे नेसलेले अय्यप्पाभक्त चर्चच्या दारी पाहणे हा मुलांसाठी मोठा अनुभव ठरेल. जवळच मारारी किनारा आहे. तो बराच शांत आहे, मात्र लाटांना ओढ असते. मुलांना जीवरक्षक असतील तिथेच आणि गुडघाभर पाण्यापर्यंतच जाऊ द्यावे.

दिवाळीचा विचार मात्र सोडून द्यावा. नैऋत्य मोसमी पाऊस परतला तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस केरळातही पडतो, बहुधा दुपारनंतर आणि विजांसह. डिसेंबरच्या उत्तरार्धात आकाश बरेच निवळलेले असते.

वसईची_वाट

वरील सदस्यांनी केरळची बाजू उत्तम मांडली आहे, तरीही वेलंकनीला इतक्या सहज बाजूला सारणे मला मान्य नाही. आपल्याकडच्या कॅथलिक घरांत मातेचे नाव घेतले की ते बहुधा वेलंकनी मातेचेच असते. ताकवाल्या पांगळ्या मुलाची आणि वादळातून वाचलेल्या पोर्तुगीज खलाशांची कथा मुलांनी त्या भूमीवर उभे राहून ऐकावी, याला वेगळे मोल आहे. 1962 मध्ये या देवालयाला बॅसिलिकाचा दर्जा मिळाला. 29 ऑगस्टला ध्वज चढतो आणि 8 सप्टेंबरला सण होतो. त्या नोव्हेनाच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) काळात तिथे मराठी आणि कोंकणीतूनही मिस्सा होतात. मल्याळममध्ये प्रार्थना चालू असताना वृद्ध माणूस काहीसा परका पडतो, याचाही विचार करावा.

निसर्गाचे म्हणाल तर दक्षिणेला वेदारण्यमपलीकडे कोडिक्कराईचे अभयारण्य आहे. तिथे काळवीट दिसतात आणि हिवाळ्यात दलदलीत रोहित पक्षी उतरतात. उत्तरेला तरंगमबाडी आहे. तिथला डॅनिश किल्ला 1620 च्या सुमाराचा असून अगदी समुद्राला लागून उभा आहे.

दिवाळीबाबत मात्र मी सहमत आहे, किंबहुना त्या किनाऱ्यासाठी तो इशारा अधिकच खरा आहे. नोव्हेंबर 2018 मधील गज चक्रीवादळ नागपट्टिनम आणि वेदारण्यम यांच्या मधेच धडकले होते. डिसेंबरमध्येही तिकडे पाऊस राहतो. त्यामुळे वेलंकनीला जायचे तर जानेवारीच्या मध्यानंतर जावे, आणि तेव्हा शाळा आडवी येते, हे मान्य करावेच लागेल.

चोर्ला_घाट

केवळ अंतर पाहिले तर जुने गोवे सर्वांत सोयीचे. विजापूर-बेळगावमार्गे गाडीने एका दिवसात पोहोचता येते. 3 डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण. तिथे असलेल्या त्यांच्या अवशेषांचे दरदहा वर्षांनी होणारे जाहीर दर्शन जानेवारी 2025 मध्ये संपले, त्यामुळे आता तेवढी गर्दी नसेल. बाणावलीला किनाराही आहे आणि 2015 मध्ये संत घोषित झालेले जोसेफ वाझ यांचा बाप्तिस्मा झाला ते चर्चही. परंतु नाताळ ते नववर्ष या आठवड्यात गोव्यातील गर्दी आणि खोल्यांचे भाव पाहता, वृद्ध माणसाला घेऊन त्याच दिवसांत तिथे जाण्याचा सल्ला मी देणार नाही.

रेल्वेलाइन्सकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सासूबाईंना हे सर्व वाचून दाखवले. मीनाक्षी अम्मांची कथा ऐकल्यावर त्यांनी वल्लारपाडमचाच आग्रह धरला आहे, म्हणून केरळ नक्की केले. आता दोन शंका उरल्या. मलयाट्टूरचा डोंगर वगळावा का? संत थॉमस यांचे स्थान म्हणून त्यांनी त्याचे नाव पुष्कळ ऐकले आहे. आणि अलेप्पीची हाउसबोट घ्यावी का?

दक्षिणवारी

मलयाट्टूरची चढण खडकाळ आहे. वाटेवर क्रुसाच्या वाटेची, म्हणजे ख्रिस्ताच्या अंतिम यातनांची आठवण देणारी, चौदा स्थाने आहेत आणि भाविक खांद्यावर लाकडी क्रूस घेऊन, संत थॉमस यांच्या नावाचा घोष करत ती चढतात. दुखऱ्या गुडघ्यांनी ती चढू नये. मात्र पायथ्याशी, पेरियार नदीकाठी संत थॉमस यांचे जुने चर्च आहे. सासूबाईंनी तिथे रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणत बसावे आणि आपण मुलांसह पहाटे, ऊन चढण्याआधी, डोंगरावर जाऊन यावे. आदि शंकराचार्यांचे कालडी तिथून अगदी जवळ आहे.

हाउसबोटीबद्दल माझे मत थोडे कडवट आहे. नाताळच्या आठवड्यात तिचे भाडे भलतेच चढते आणि रात्रभर ती एका जागी बांधलेलीच असते. त्याऐवजी राज्य जलवाहतूक विभागाची आलप्पुळा-कोट्टायम प्रवासी बोट घ्यावी. शाळेतून परतणारी मुले, बाजारहाट करून निघालेल्या बायका आणि पाण्याच्या पातळीखाली असलेली कुट्टनाडची भातशेती, हे सारे साध्या तिकिटात दिसते. शिवाय कोट्टायमला उतरल्यावर भरणंगानमला जाता येते. 2008 मध्ये संतपद मिळालेल्या संत अल्फोन्सा यांची समाधी तिथे आहे, आणि तिथे डोंगर चढायचा नाही.

सात_रस्ता

गाडीबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. पुणे-कन्याकुमारी एक्स्प्रेस सोलापूरवरून जाते आणि त्रिशूर, एर्नाकुलम, कोट्टायम या मार्गानेच पुढे जाते. मधे गाडी बदलण्याची गरज नाही. जाताना एर्नाकुलमला उतरावे आणि परतताना कोट्टायमहून बसावे, म्हणजे आलेल्या वाटेने मागे फिरावे लागत नाही. आरक्षण 60 दिवस आधी खुले होते आणि नाताळात ते लवकर भरते, त्यामुळे त्याच दिवशी सकाळी तिकीट काढावे आणि सासूबाईंसाठी ज्येष्ठ महिलांच्या कोट्यातून खालचा बर्थ मागावा. प्रवास दिवसाहून अधिक आहे. रायचूर-गुंतकलच्या पुढे जेवणाची चव बदलते; कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दह्याचा डबा सोबत असावा.

वल्लारपाडमबद्दल एक गोष्ट राहून गेली. तिथे चर्चचे आवार झाडून काढणे हाच एक नवस आहे. झाडू तिथेच मिळतो, जमीन सपाट आहे, पायऱ्या नाहीत. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवावे, कारण अनेक जण केवळ दर्शन घेऊन परततात आणि झाडण्याचे राहून गेले, हे त्यांना घरी आल्यावर कळते.